वळचणीचे रहिवासी

कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसले आहेत. कुत्र्याचे डोळे बटाट्याएवढे, कान लोंबते. ससा त्याला खेटून, लांब कान मागे टाकून. खरं तर एक शिकारी आणि दुसरी शिकार, पण दोघांच्या चेहऱ्यांवर भाव असा, की मास्तरांनी वर्गात एकाच बाकावर शिक्षा म्हणून बसवलंय. पोरांच्या चित्रांच्या पुस्तकातून उतरल्यासारखी ही जोडी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या वळचणीखाली पावणेनऊशे वर्षांहून जास्त काळ दगडात बसून आहे.

पहिल्या भेटीत मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मी यादी घेऊन गेले होते. पुस्तकांतून वाचलेलं, कशाशेजारी काय आहे, कशाचा काय अर्थ लावतात, सगळं वहीत उतरवलेलं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कॅमेरा, काखेत वही, आणि वरून तिकडचा तो न थांबणारा बारीक पाऊस. यादीतल्या एकेका नावापुढे खूण करत तासाभरात मी चर्चला प्रदक्षिणा घालून मोकळी झाले. संध्याकाळी खोलीवर येऊन बघते तो निम्मे फोटो हललेले. अशाच एका हललेल्या फोटोच्या कोपऱ्यात सशाचे कान दिसले. दुसऱ्या दिवशी वही खोलीवर ठेवून परत गेले. हे पुस्तक त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं, म्हणून ही प्रस्तावनाही तिथूनच सुरू करते.

गावाचं नाव किल्पेक. हेरिफर्डशर परगण्यात, हेरिफर्ड शहराच्या नैर्ऋत्येला साधारण १४ किलोमीटरवर. घरं मोजकी, भोवती मेंढ्यांची कुरणं, पश्चिमेला वेल्सचे डोंगर. चर्चला लागूनच मातीचा एक मोठा उंचवटा आहे. त्यावर जुन्या गढीच्या भिंतीचे तुकडे दात पडलेल्या जबड्यासारखे उभे आहेत. दुसऱ्या बाजूच्या शेतात जमिनीला नुसते चढउतार दिसतात. मध्ययुगातलं किल्पेक गाव तिथे होतं. गढी पडली, ते गाव उठलं, चर्च तेवढं राहिलं.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चर्च म्हटलं की वसई उभी राहते किंवा जुनं गोवं: उंच दर्शनी भिंत, आत सोनेरी वेदी, बाहेर जांभा नाहीतर पांढरा चुना. ते चित्र इथे बाजूला ठेवावं लागेल. गोव्याच्या बॉम जेझूचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं. किल्पेकचं चर्च त्याच्याआधी साडेचारशे वर्षं, ११४० च्या आसपास उभं राहिलं. काळाची खूणगाठ आपल्याकडचीच बांधायची, तर अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. त्याच्या शिलालेखातलं साल शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. अंबरनाथचे पाथरवट हातातली छिन्नी खाली ठेवून गेले, त्यानंतर दोन-तीन पिढ्यांत किल्पेकच्या पाथरवटांनी ती उचलली, असं म्हणायला हरकत नाही. दोघांची गाठभेट असण्याचं कारण नाही. एवढंच, की भिंतीच्या बाहेरच्या अंगाला माणसं, जनावरं आणि राक्षस यांची दाटी करायची, ही हौस त्या शतकांत एकट्या आपल्याकडेच होती असं समजू नये.

चर्च इतकं लहान की बाहेरून एक चक्कर मारायला पाच मिनिटंही लागत नाहीत. एकापुढे एक अशा तीन खोल्या. पश्चिमेला लोकांनी उभं राहायची मोठी, आपल्या सभामंडपासारखी. तिच्या पूर्वेला पुरोहिताची, जरा अरुंद. आणि टोकाला अर्धगोल गाभारा. आपल्या देवळात अंतराळातून गाभाऱ्याकडे जाताना जागा आवळत जाते, तशीच ती इथेही आवळत जाते. भिंती जाड, खिडक्या चिंचोळ्या, छत उतरतं. मनोरा नाही, पश्चिमेच्या टोकावर घंटेसाठी छोटीशी कमान तेवढी. दगड तिथलाच, तांबूस करडा वालुकाश्म. खाणीतून ताजा निघतो तेव्हा हा दगड ओलसर आणि नरम असतो, हवा लागून पुढे कडक होतो. बेसॉल्टवर हात मोडून घेणाऱ्या आपल्या पाथरवटाला हेवा वाटावा असं साहित्य.

बांधणाऱ्यांबद्दल कागदोपत्री जे आहे ते थोडं, पण कामाचं आहे. इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने १०८६ मध्ये जी जमीनमोजणी करवली, तिच्यात किल्पेक विल्यम फिट्झ नॉर्मन या नॉर्मन सरदाराच्या नावावर आहे. त्याचा मुलगा ह्यू. या ह्यूने ११३४ मध्ये इथलं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दान दिलं. त्या वेळी गावातलं चर्च संत डेव्हिडचं होतं आणि गढीच्या आत मेरीचं वेगळं छोटं देऊळ होतं. आज चर्चच्या नावात मेरी आणि डेव्हिड दोघंही आहेत. डेव्हिड हा वेल्सचा संत. गावाचं नावही वेल्श भाषेतलं, आणि लँडॅफच्या जुन्या दानपत्रांच्या पोथीत ‘किल्पेडेकचं डेव्हिडचं चर्च’ असा त्याचा उल्लेख आहे. म्हणजे नॉर्मन सरदार, सॅक्सन शेतकरी आणि वेल्श संत असा हा मामला. सभामंडपाच्या ईशान्य कोपऱ्यात जुन्या, नॉर्मनपूर्व चर्चच्या बांधकामाचा एक तुकडा अजून तसाच आहे. ओबडधोबड, नव्या भिंतीशी न जुळणारा. नव्या मालकाने तो पाडला नाही, आणि पाथरवटांनीही तो झाकायची तसदी घेतली नाही.

काळ मात्र शांततेचा नव्हता. ११३५ मध्ये पहिला हेन्री वारला आणि गादीसाठी स्टीफन आणि माटिल्डा यांच्यात यादवी पेटली. हेरिफर्डमध्ये तर माटिल्डाच्या बाजूच्या एका सरदाराने मोठ्या चर्चमधून पाद्र्यांना हाकललं, आवारातली थडगी उकरून मातीचा बांध रचला आणि चर्चच्या मनोऱ्यावरून समोरच्या किल्ल्यावर दगडांचा मारा केला. अवघ्या १४ किलोमीटरवर हे चाललेलं असताना किल्पेकला कोणीतरी मन लावून एका दगडातून सशाचा कान कोरत होतं.

आता दक्षिणेच्या दाराकडे येऊ. चर्चचा खरा दर्शनी भाग हाच, आणि पुस्तकाची सर्वांत जास्त पानं त्यानेच खाल्ली आहेत.

दार लहान आहे. त्याच्या डोक्यावर अर्धगोल शिळापट, त्यावर एक झाड: मध्ये सरळ खोड, दोन्हीकडे सारख्या वळणांच्या फांद्या, पानं आणि द्राक्षांचे घोस. याला सगळे जीवनवृक्ष म्हणतात आणि इथे तरी वाद नाही. शिळापटाभोवती दोन कमानी. आतल्या कमानीत प्रत्येक दगडावर एक तोंड किंवा एक जनावर, सगळ्यांची दिशा कमानीच्या मध्याकडे. काहींच्या चोची खालच्या गोल कडेवर अशा रोवलेल्या, की दांडीवर ओळीने पक्षी बसावेत. बाहेरच्या कमानीत गोल चकत्या, प्रत्येकीत एक पक्षी, मासा किंवा शेपटी गुंडाळलेला प्राणी, आणि दोन चकत्यांना जोडणारा पट्टा प्रत्येक वेळी एका मुखवट्याच्या तोंडातून ओवलेला. आपल्या कीर्तिमुखाच्या तोंडातून माळा लोंबतात, तसाच काहीसा प्रकार. दारावर आणखी एका ठिकाणी, एका स्तंभाच्या माथ्यावर, एक चेहरा आहे. त्याच्या तोंडातून वेली बाहेर पडतात. त्याचं नाव ‘ग्रीन मॅन’ आणि त्याच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं निघाली आहेत. गंमत अशी, की हे नाव लेडी रॅगलन या बाईंनी १९३९ मध्ये एका लेखात ठेवलं. दगड आठशे वर्षांचा झाल्यावर त्याचं बारसं झालं.

बाहेरच्या बाजूच्या खांबांवर सापच साप: वरून खाली लांबलचक, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचं शेपूट. पण माझा जीव जडला तो आतल्या खांबावर. तिथे वेलींच्या जाळ्यात दोन माणसं आहेत, एक वर, एक खाली. डोक्यावर टोकदार टोप्या, अंगात घट्ट अंगरखे आणि पायांत चक्क विजारी. मध्ययुगीन चर्चच्या दारावर संतांच्या पायघोळ झग्यांची सवय झालेल्या डोळ्याला या विजारी एकदम टोचतात. कोणी म्हणतं हे वेल्श लढवय्ये, कोणी म्हणतं पापांच्या वेलींत अडकलेले जीव. मी त्या विजारींच्या सुरकुत्या मोजत बसले. सुरकुत्या अशा नाहीतच. कापडाच्या जागी एकमेकींना चिकटून, समांतर उठवलेल्या जाड रेघा आहेत, नांगरटीसारख्या. लहानपणी आमच्या दारावर टाकी लावणारी बाई यायची. जातं गुळगुळीत झालं, दळण नीट पडेना, की ती तळी उलटी करून छिन्नीने ठोके देत जायची आणि दगडावर एकसारख्या खुणांच्या ओळी उमटायच्या. तिच्या मनगटाची एक लय होती. त्या विजारींकडे बघताना तो ठोका मला ऐकू आला, आणि मग या चर्चचा ज्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे, ती मला पुस्तकातून कळली त्याहून निराळ्या रीतीने कळली.

ती गोष्ट अशी. या रेघांच्या कपड्यांची माणसं एकट्या किल्पेकला नाहीत. याच परगण्यात अर्डिस्ली गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे. त्यावर दोन योद्धे भांडतात आणि त्यांच्याही अंगावर तीच नांगरट. कॅसल फ्रूमच्या पात्रावर येशूच्या बाप्तिस्म्याचं दृश्य आहे, पाण्यात मासे आहेत, आणि ते अवजड पात्र खाली दबलेल्या आकृत्यांनी पेललं आहे. ब्रिन्सपला घोड्यावरचा संत जॉर्ज, स्ट्रेटन शुगसला सिंहाचा जबडा फाडणारा सॅमसन. पाथरवटांची एक टोळी, फार तर दोन, गावोगाव कामं घेत फिरली आणि जाईल तिथे आपला हात सोडून गेली. त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठल्या कागदावर नाही. अभ्यासकांनी या सगळ्या कामाला ‘हेरिफर्डशर घराणं’ म्हटलं. (इंग्रजीत शब्द शाळा असा आहे, मराठीत मला घराणंच बरोबर वाटतं, कारण इथे शिकवणीपेक्षा हात आणि वळण महत्त्वाचं.) माल्कम थर्लबी यांचा या घराण्यावरचा १९९९ चा ग्रंथ अजूनही पहिल्यांदा हातात घ्यावा असा आहे, आणि माझ्या पुस्तकातल्या तपशिलांवर त्याचं मोठं ऋण आहे.

पण खेड्यातल्या या टोळीला फ्रान्स आणि स्पेनमधली वळणं कुठून कळली? कमानीच्या प्रत्येक दगडावर एकेक आकृती मध्याकडे तोंड करून बसवायची, ही पद्धत पश्चिम फ्रान्समधल्या प्वातू भागातली. चोचवाली तोंडं आणि साखळीतल्या चकत्या रेडिंगच्या मठाची आठवण देतात. तो मठ पहिल्या हेन्रीने ११२१ मध्ये स्थापला, आणि हेरिफर्डशरमधलं लेम्स्टरचं मठचर्च लगेचच त्या मठाच्या हाताखाली आलं, म्हणजे वाट होतीच. सान्तियागोचा धागा तर एका माणसापर्यंत नेता येतो. ह्यू मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी ऑलिव्हर द मर्लिमोंद शॉब्डन गावी चर्च बांधत होता. मध्येच तो स्पेनमधल्या सान्तियागो दे कोंपोस्तेलाच्या यात्रेला निघून गेला आणि परत आल्यावर त्याने ते काम पुरं केलं. ही हकिगत विगमोरच्या मठाच्या बखरीत आहे. सान्तियागोच्या दक्षिण दारावर खांबांच्या अंगाला संत एकावर एक उभे आहेत. किल्पेकच्या आत, सभामंडप आणि पुढची खोली यांच्यामधल्या कमानीलाही तसेच दोन्ही बाजूंना तीन-तीन संत एकावर एक उभे आहेत. एकाच्या हातात किल्ली, म्हणजे पीटर. ऑलिव्हर यात्रेला पाथरवट घेऊन गेला होता, की नुसती आठवण घेऊन आला, यावर विद्वान अजून भांडतात. मला पाथरवट सोबत होता असं वाटतं. कारभारी माणूस पैशाचा हिशेब लक्षात ठेवेल. खांबावर संत कसे रचले आहेत ते नाही.

आतलं काम एवढंच, आणि मी तिथे वाचकाला फार वेळ थांबवणार नाही. गाभाऱ्याचं छत मात्र मान वर करून बघा. दगडी बरगड्या चारी बाजूंनी वर चढतात आणि मध्ये मिळतात, आणि मिळतात तिथे जनावरांची तोंडं बसवली आहेत, जणू बरगड्या गिळून धरणारी. बांधकामातला नुसता सांधा, त्यालाही तोंड फुटलं.

आता वळचण.

छपराच्या खाली, भिंतीच्या वरच्या कडेला, दगडी घोड्यांची एक रांग सगळ्या चर्चभोवती फिरते. वाड्याच्या सज्जाला लाकडी घोड्या असतात, त्यांच्यासारखे भिंतीबाहेर डोकावणारे हे दगड. इंग्रजी पुस्तकांत त्यांना कॉर्बेल म्हणतात. मुळात ९१ होते, आज ८५ आहेत. प्रत्येकावर वेगळं काहीतरी: मेंढा, वीणेसारखं तंतुवाद्य छातीशी धरून वाजवणारा माणूस, एकमेकांच्या गळ्यात पडलेली दोन माणसं (कुस्ती की प्रेम, हे बघणाऱ्याने ठरवावं), तोंडात माणूस धरलेलं अस्वल, चोचीला चोच लावलेली दोन पाखरं, पाठीवर क्रूस घेतलेलं देवाचं कोकरू. कोकरू असल्याचं क्रूसामुळे कळतं, नाहीतर ते घोड्यासारखं दिसतं. पश्चिमेच्या भिंतीच्या कोपऱ्यांतून मोठी ड्रॅगनमुखं बाहेर येतात; जबडा उघडा, जीभ गुंडाळलेली. ती पाहून कोणालाही व्हायकिंगांच्या नौकांच्या नाळा आठवतात. नॉर्मन हे मूळचे व्हायकिंग, हेही खरं. पण त्या नौका फ्रान्सच्या किनाऱ्याला लागून तोवर दोन शतकं उलटली होती.

या ८५ मधला एक दगड किल्पेकच्या कीर्तीचं आणि अपकीर्तीचंही कारण आहे. गाभाऱ्याच्या बाहेरच्या बाजूला एक बाई आहे. डोकं मोठं, केस नाहीत, डोळे वटारलेले, छाती सपाट, अंग नावापुरतं. दोन्ही हात मांड्यांखालून पुढे घेऊन ती आपली योनी फाकवून दाखवते आहे. अशा आकृत्या इंग्लंड-आयर्लंडमध्ये आणखीही आहेत. त्यांना शीला-ना-गिग म्हणतात, आणि हे आयरिश नाव अभ्यासकांत रूढ झालं ते एकोणिसाव्या शतकात. बाहेरगावहून येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी तिला शोधतो. माझ्याही यादीत तिचं नाव पहिलं होतं.

१८४२ मध्ये जॉर्ज रॉबर्ट लुईस या चित्रकाराने या चर्चच्या चित्रांचं मोठं पुस्तक काढलं. ती चित्रं सुंदर आहेत, कष्टाने जागेवर बसून काढलेली. लुईसचं म्हणणं होतं, की इथल्या प्रत्येक दगडात ख्रिस्ती शिकवणुकीचा एकेक धडा आहे आणि सगळे मिळून एक सलग प्रवचन होतं. मग या बाईचं काय करायचं? लुईसने तिचा विदूषक केला. चित्रात तिची खाच छातीपर्यंत वर सरकली आणि ती हृदयाकडे जाणारी वाट ठरली. त्याने जाणूनबुजून खोटं काढलं असं मला वाटत नाही. त्याला अर्थ आधी सापडला होता, आणि तो हातात असला की डोळे आपोआप दुरुस्त्या करतात. मी हे चढ्या आवाजात सांगत नाही. पहिल्या दिवशी माझ्याही वहीने माझं तेच केलं होतं.

मराठी वाचकाला इथे लज्जागौरी आठवणार. रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ ज्याने वाचला आहे, तो या बाईला लगेच घरची म्हणेल. मलाही मोह झाला होता. पण दोघींना शेजारी ठेवून बघा. लज्जागौरीला डोकं नसतं, मानेच्या जागी कमळ असतं, अंग भरलेलं असतं, बसणी प्रसूतीची असते. आणि तिची पूजा होते. किल्पेकच्या बाईला सगळ्यांत मोठं काय आहे, तर डोकं. ती सरळ आपल्याकडे बघते. अंगात गर्भारपणाची कुठली खूण नाही. आणि ती चौऱ्याऐंशी शेजाऱ्यांबरोबर वळचणीखाली छपराचा भार घेऊन बसली आहे, तिच्यापुढे दिवा लागत नाही. मुद्रा सारखी म्हणून नातं जोडलं, तर कुत्रा आणि सशालाही पंचतंत्रात घालावं लागेल.

बाकी खुलासे अनेक आहेत. अँथनी वीअर आणि जेम्स जेर्मन यांनी १९८६ मध्ये मांडलं, की ही वासनेविरुद्धची ताकीद आहे, आणि फ्रान्स-स्पेनच्या यात्रामार्गांवरच्या चर्चांवर तिची भावंडं सापडतात. हे मला सगळ्यांत जास्त पटतं, कारण कमानीच्या दगडांनी आपल्याला त्याच वाटेने आणलं आहे. ती दृष्ट लागू नये म्हणून बसवली, असंही म्हणतात. ती ख्रिस्तपूर्व देवी आहे, हे म्हणणं सगळ्यांत लोकप्रिय आणि मला वाटतं सगळ्यांत कच्चं. चर्च बांधणाऱ्यांच्या पैशातून जुनी देवी चोरून कोरली गेली, हे पटवायला दगडापेक्षा इच्छा जास्त लागते. पण यातलं कुठलंही एक खरं धरलं, तरी शेजारच्या सशाचं काय, हा प्रश्न उरतोच. वासना, मुक्ती, नरक, स्वर्ग यांची वाटणी करत गेलो, की तीस-पस्तीस दगडांपर्यंत गाडी चालते. पुढे ती रुतते.

त्या काळातच एक माणूस यावर चिडला होता. क्लेअरवोचे मठाधिपती बर्नार्ड यांनी ११२५ च्या सुमारास एका पत्रवजा लेखात तक्रार केली, की मठांच्या ओवऱ्यांत ही माकडं, सिंह, अर्धे माणूस-अर्धे घोडे, लढणारे सैनिक, शिंगं फुंकणारे शिकारी कशासाठी? साधू पोथी सोडून दगड वाचत बसतात, आणि शिवाय याला पैसे लागतात. तक्रार रास्त असेल. पण बर्नार्ड यांनी त्या जनावरांचं केलेलं वर्णन इतकं बारकाईचं आहे, की तेही बराच वेळ उभे राहून बघत असणार याबद्दल मला शंका नाही. आणि तक्रारीत एक गोष्ट ते म्हणत नाहीत: ही जनावरं म्हणजे अमुक पाप किंवा तमुक सद्गुण आहे. ते विचारतात, इथे यांचं काम काय? म्हणजे त्या काळच्या सर्वांत धारदार धर्मज्ञालाही प्रवचन दिसलं नव्हतं.

म्हणून या पुस्तकात मी अर्थ शेवटी ठेवला आहे, आणि बऱ्याच दगडांपुढे ठेवलेलाच नाही. प्रत्येक दगडाबद्दल आधी तो कुठे बसला आहे, त्यावर ऊन कधी येतं, खालून बघताना त्याचा कुठला भाग दिसतो, कोणत्या हाताने काम केलेलं दिसतं, हे सांगितलं आहे. उत्तरेकडच्या रांगेवर ऊन फारसं येत नाही. तिथले दगड ढगाळ दिवशी जास्त चांगले दिसतात, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. काही दगड वरून पाहिले तर बेढब वाटतात, खालून पाहिले की जागच्या जागी येतात. कोरणाऱ्याला बघणारा कुठे उभा राहणार ते पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं टिकलं कसं, त्याचं उत्तर थोडक्यात. दगड चांगला निघाला. दक्षिणेच्या दारापुढे कित्येक शतकं लाकडी ओसरी होती, तिने पाऊस झेलला. ती १८६८ मध्ये काढली, कोरीव काम नीट दिसावं म्हणून. आणि गाव लहान राहिलं, त्यामुळे कोणाला नवं, मोठं चर्च बांधायची ऐपत आणि उमेद दोन्ही झाली नाही. याच्या उलट शॉब्डनचं बघा. ऑलिव्हरचं ते चर्च १७५० च्या दशकात तिथल्या श्रीमंत जमीनदाराने पाडलं, त्याजागी त्या काळच्या आवडीचं पांढरंशुभ्र, नाजूक नक्षीचं चर्च बांधलं, आणि जुन्या कोरीव कमानी टेकडीवर, बागेची शोभा म्हणून उघड्यावर उभ्या केल्या. त्या अजून तिथे आहेत. किल्पेकचीच वळणं, कदाचित किल्पेकचेच हात. पण जवळ गेलं तर चेहऱ्यांच्या जागी साखरेच्या विरघळलेल्या बत्ताशांसारखे उंचवटे उरले आहेत. लुईसने १८५२ मध्ये शॉब्डनचीही चित्रं प्रसिद्ध केली, आणि आज तिथे काय होतं हे कळायला त्याच्याकडेच जावं लागतं. ज्याच्या चित्रांवर मी परिच्छेदभर तोंडसुख घेतलं, त्याच्याच उपकाराखाली आहे, हे नोंदवून ठेवते.

शब्दांबद्दल थोडं. मराठीत चर्चच्या बांधणीची शब्दावली तयार नाही, आणि मी ती तयार करायला बसले नाही. जिथे देवळाचा किंवा वाड्याचा शब्द चपखल बसतो, तिथे तो घेतला आहे. गाभारा, घोडी, ओवरी, शिळापट हे असे. जिथे बसत नाही तिथे साध्या भाषेत वस्तूचं वर्णन केलं आहे. त्यामुळे वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकांना पुस्तक ढिलं वाटेल. त्यांना चालेल अशी इंग्रजी पुस्तकं पुष्कळ आहेत.

शेवटच्या भागात वळचणीच्या सगळ्या दगडांची रेखाचित्रं आहेत, दक्षिणेच्या दारापासून सुरू करून चर्चभोवती चालत जावं त्या क्रमाने, एका पानावर नऊ चौकोन. मुळातल्या ९१ जागांसाठी ९१ चौकोन आखले आहेत, आणि गेलेल्या सहा दगडांचे चौकोन कोरे ठेवले आहेत. छापखान्यातून पहिली मुद्रितं आली तेव्हा त्या सहाही चौकोनांत लाल पेनाने प्रश्नचिन्हं होती आणि समासात लिहिलं होतं, ‘चित्र राहिलं आहे का?’ मी खाली ‘हो’ लिहून पानं तशीच परत पाठवली.